गंजाची मुदत आणि हमीची मुदत

विशेष प्रतिनिधी

मुंबई : मोटारीचे इंजिन बंद पडले तर गाडी रस्त्याच्या कडेला घेता येते. सस्पेन्शनचा एखादा भाग धावत्या गाडीत तुटला तर ती कोठे जाऊन थांबेल, हे चालकाच्या हाती राहत नाही. चाक आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारे लोखंडी आर्म, स्प्रिंगा, बॉल जॉइंट आणि हे सारे ज्या चौकटीला बसविलेले असते ती चौकट, अशा मोजक्या भागांवर गाडीची दिशा अवलंबून असते. हे भाग चालकाच्या नजरेस पडत नाहीत, त्यांच्या दुखण्याची सूचना देणारा दिवा डॅशबोर्डवर नसतो आणि त्यांना पोखरणारा गंज वर्षानुवर्षे गुपचूप आपले काम करीत राहतो. अमेरिकेत २००८ पासूनच्या काळात लाखो मोटारींच्या बाबतीत हा धोका उघड झाला. त्या प्रत्येक प्रकरणात सुरक्षिततेइतकाच वादाचा ठरलेला प्रश्न एकच होता : हमीची मुदत संपल्यानंतर उघडकीस आलेल्या गंजाची किंमत कोणी मोजायची?

या प्रश्नाचे अलीकडचे ठळक उदाहरण मार्च २०२३ मधील आहे. होंडा कंपनीने सीआर-व्ही या मोटारीच्या २००७ ते २०११ या मॉडेलवर्षांतील सुमारे ५ लाख ६४ हजार गाड्या अमेरिकेत परत बोलावल्या. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकले जाते अशा २२ राज्यांत आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये विकल्या गेलेल्या किंवा नोंदणी झालेल्या या गाड्या होत्या. त्यांच्या मागील भागातील चौकट गंजून ट्रेलिंग आर्म तेथून निखळण्याची आणि गाडीवरील ताबा सुटण्याची शक्यता असल्याचे कंपनीने मान्य केले. तपासणीनंतर आधाराची पट्टी बसविणे आणि चौकट फारच सडली असल्यास गाडी परत विकत घेणे, असे उपाय जाहीर करण्यात आले. त्या वेळी या गाड्यांचे वय अकरा ते सोळा वर्षांचे होते. नव्या गाडीबरोबर मिळालेली हमी केव्हाच इतिहासजमा झाली होती.

मीठ, पाणी आणि पोकळ लोखंड

उत्तर अमेरिकेतील हिमवर्षावाच्या प्रदेशात रस्त्यावरचा बर्फ वितळविण्यासाठी मीठ पसरण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वत्र रूढ झाली. आज एकट्या अमेरिकेत दरवर्षी सुमारे दोन कोटी टन मीठ या कामी वापरले जाते. साध्या मिठाच्या जोडीला कॅल्शियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम क्लोराइड यांची द्रावणेही वापरली जातात. ही द्रव्ये हवेतील ओलावा शोषून घेतात. त्यामुळे रस्ता कोरडा दिसत असला तरी गाडीच्या तळाशी चिकटलेला थर दमटच राहतो आणि लोखंड गंजण्याची प्रक्रिया थांबत नाही.

आधुनिक मोटारीचा पत्रा जस्ताच्या मुलाम्यामुळे आणि विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने दिलेल्या प्राथमिक लेपामुळे पूर्वीच्या मानाने पुष्कळच टिकाऊ झाला आहे. सत्तरच्या दशकातील गाड्यांचे दरवाजे व मडगार्ड ज्या वेगाने सडत, तसे आता सहसा होत नाही. तळाच्या भागांची स्थिती मात्र वेगळी आहे. चौकटीचे भाग बऱ्याचदा दोन पन्हाळी जोडून केलेल्या पोकळ पेटीसारखे असतात. आत शिरलेले पाणी व चिखल बाहेर पडण्यासाठी ठेवलेली भोके बुजली, अथवा लेप आतल्या कोपऱ्यापर्यंत पोहोचलाच नाही, तर गंज आतून बाहेर येतो. बाहेरून भाग धडधाकट दिसत असतानाच आतल्या लोखंडाची जाडी घटत जाते.

स्प्रिंगेची कथा आणखी निराळी. ती उच्च ताणशक्तीच्या पोलादाची असते आणि तिच्यावर सतत भार असतो. चाकाने उडविलेल्या खड्यांमुळे तिच्यावरील लेपाचा टवका उडाला की तेथे गंजाची बारीक खळी पडते. खड्डा, गतिरोधक, वळण अशा प्रत्येक हेलकाव्याबरोबर या खळीच्या तळाशी ताण एकवटतो आणि सूक्ष्म तडा पुढे सरकत राहतो. गंज आणि ताण यांच्या या संयुक्त कार्यामुळे स्प्रिंग पूर्णपणे सडण्याच्या कितीतरी आधीच तुटते. पाणी व माती साचून राहणारा खालचा वेढा बहुधा प्रथम जातो. तुटलेले टोक टायरला लागले तर भरधाव गाडीचा टायर फुटू शकतो.

कंपन्या आपल्या भागांची चाचणी घेत नाहीत, असे नाही. बंद पेटीत ३५ अंश सेल्सियस तापमानाला पाच टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा ठराविक तास मारून लेपाची परीक्षा घेण्याची पद्धत जगभर प्रचलित आहे. परंतु या चाचणीत स्प्रिंगेवर प्रवाशांचा भार नसतो, खड्यांचा मारा नसतो आणि दहा पावसाळ्यांचा किंवा दहा हिवाळ्यांचा चिखल नसतो. प्रयोगशाळेतील तासांचे रस्त्यावरील वर्षांत रूपांतर करताना होणारी चूक पुढे ग्राहकाच्या पदरी पडते.

विंडस्टारची मागची दांडी

फोर्ड कंपनीची विंडस्टार ही कुटुंबांसाठी बनविलेली मोटार या संदर्भात अभ्यासण्याजोगी आहे. तिच्या मागील दोन चाकांना जोडणारी आडवी दांडी पन्हाळीच्या आकाराची होती. तीत पाणी व मीठ साचून ती गंजत असे आणि अखेर मधोमध तुटत असे. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाकडे तक्रारींचा ओघ वाढल्यावर २०१० च्या मे महिन्यात अधिकृत चौकशी सुरू झाली. ऑगस्टमध्ये कंपनीने १९९८ ते २००३ या मॉडेलवर्षांतील सुमारे ५ लाख ७५ हजार गाड्या परत बोलावल्या. या गाड्या प्रामुख्याने अमेरिकेच्या मीठपट्ट्यातील राज्यांतील आणि कॅनडातील होत्या. विंडस्टारचे उत्पादन त्यापूर्वी सात वर्षे बंद झालेले होते. पुढच्याच वर्षी याच गाडीच्या पुढील उपचौकटीच्या गंजापायी दुसऱ्यांदा गाड्या परत बोलावण्याची पाळी कंपनीवर आली.

फोर्डच्याच २००१ ते २००४ या मॉडेलवर्षांतील एस्केप मोटारींपैकी सुमारे ३ लाख ८५ हजार गाड्या २०१४ मध्ये परत बोलावण्यात आल्या. पुढची उपचौकट गंजून खालचा कंट्रोल आर्म निखळण्याचा धोका हे त्यामागचे कारण होते. त्याच वर्षी टोयोटाने २००५ ते २०११ या काळातील सुमारे ६ लाख ९० हजार टाकोमा गाड्या मागील पाटे ताण व गंज यांमुळे तुटण्याच्या शक्यतेवरून परत बोलावल्या. तुटलेला पाटा जागेवरून सरकून इंधनाच्या टाकीला इजा करू शकेल, अशी भीती होती.

कंपन्या वेगळ्या, गाड्या वेगळ्या, तुटणारे भागही वेगळे. कालक्रम मात्र सर्वत्र सारखाच दिसतो. पहिली तीन-चार वर्षे काहीच घडत नाही. हमी संपते. गाडी पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाते. त्यानंतर तक्रारी सुरू होतात. त्या एकमेकींशी जोडल्या जाऊन त्यांतून सूत्र दिसू लागेपर्यंत आणखी काही वर्षे उलटतात. म्हणजे दोषाचा भार बहुतेक वेळा ज्याने गाडी नवी घेतली त्याच्यावर पडतच नाही. जुनी गाडी घेण्यावाचून ज्याला गत्यंतर नव्हते, त्याच्यावर तो पडतो.

टाकोमाचा धडा

हमीच्या प्रश्नाची सर्वांत मोठी उलाढाल टोयोटाच्या टाकोमा या पिक-अप गाडीवरून झाली. या गाडीचा सांगाडा गंजून त्याला आरपार भोके पडत असल्याच्या तक्रारी वाढल्यावर २००८ मध्ये कंपनीने १९९५ ते २००० या मॉडेलवर्षांतील गाड्यांसाठी सांगाड्यापुरती हमी विक्रीपासून पंधरा वर्षांपर्यंत वाढविली. तिला मैलांची मर्यादा नव्हती. सांगाडा सडलेला आढळल्यास गाडी तिच्या चालू बाजारभावाच्या दीडपट किमतीला परत घेण्याची तयारीही कंपनीने दाखविली. सांगाड्याला पुरेसे गंजरोधक संरक्षण मिळाले नव्हते, अशी कबुली तिने दिली. सांगाडे पुरविणाऱ्या डाना कंपनीने २०११ मध्ये टोयोटाला अडीच कोटी डॉलर देऊन आपसांतील वाद मिटविला.

यानंतरच्या गाड्यांबाबतही तसाच वाद न्यायालयात गेला. २००५ ते २०१० च्या टाकोमा, २००७ व २००८ च्या टुंड्रा आणि २००५ ते २००८ च्या सिकोया अशा मिळून सुमारे पंधरा लाख गाड्यांच्या मालकांच्या वतीने चाललेल्या दाव्यात २०१६ मध्ये तडजोड झाली. तपासणी आणि गरज पडल्यास सांगाडा बदलून देणे यांचे अंदाजित मूल्य ३४० कोटी डॉलरपर्यंत जाईल, असे त्या वेळी सांगण्यात आले. एका गाडीचा सांगाडा बदलण्याचा खर्च सुमारे पंधरा हजार डॉलर धरण्यात आला होता. कंपनीने आपली चूक मात्र मान्य केली नाही. अशा तडजोडींत ती सहसा केली जात नाही.

या प्रकरणातील आकड्यांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे शब्दांची निवड. २००८ मधील योजनेला 'ग्राहक साहाय्य कार्यक्रम' असे नाव होते. ते कायद्याच्या अर्थाने परत बोलावणे नव्हते. वाढीव हमी, सदिच्छेपोटी केलेली दुरुस्ती आणि सुरक्षेसाठी परत बोलावणे या तीन गोष्टी ग्राहकाला सारख्याच वाटतात. कायद्याच्या दृष्टीने त्यांच्यात मोठे अंतर आहे. परत बोलावण्याच्या आदेशात सरकारी यंत्रणेची देखरेख असते, प्रत्येक मालकाला कळविण्याचे बंधन असते आणि दुरुस्ती विनामूल्य करावी लागते. सदिच्छेपोटी केलेल्या दुरुस्तीत अटी कंपनीच्या असतात.

त्या अटी कशा असू शकतात, हे २०१६ मध्ये टेस्लाच्या प्रकरणात दिसून आले. पेन्सिल्वेनियातील एका मालकाच्या २०१३ च्या मॉडेल एस गाडीचा सस्पेन्शनचा बॉल जॉइंट सुमारे सत्तर हजार मैलांनंतर निकामी झाला. गाडी हमीबाहेर होती. बॉल जॉइंटवर असाधारण गंज चढला होता, असे कंपनीचे म्हणणे होते. दुरुस्तीच्या खर्चातील वाटा उचलताना कंपनीने मालकाकडून गोपनीयतेचे कलम असलेला करार करून घेतला. सुरक्षा प्रशासनाने या कराराच्या भाषेला हरकत घेतली, कारण ग्राहकाला तक्रार करण्यापासून रोखले जात असल्याचा समज त्यातून होऊ शकत होता. पुढे प्रशासनाने त्या सस्पेन्शनमध्ये सुरक्षेचा दोष आढळला नसल्याचे सांगितले आणि कंपनीने कराराचा मजकूर सुधारला. तथापि त्यातून उभा राहिलेला मुद्दा निकालात निघालेला नाही. तक्रारी मोजूनच दोष ठरविला जात असेल, तर निम्म्या खर्चाच्या मोबदल्यात मौन पत्करलेला प्रत्येक ग्राहक ही मोजदाद एकाने कमी करतो.

'आरपार भोक' म्हणजे काय?

हमीच्या पुस्तिकेत गंजाविषयी जे कलम असते, त्यातील कळीचा शब्द 'पर्फोरेशन' हा आहे. बॉडीच्या पत्र्याला आतून बाहेरपर्यंत गंजाने भोक पडले तर कंपनी तो भाग दुरुस्त करील किंवा बदलून देईल, असे हे आश्वासन असते. त्यात दोन मेखा आहेत. पहिली, ते बॉडीच्या पत्र्याविषयी असते; सस्पेन्शनचे आर्म, स्प्रिंगा, उपचौकट व बॉल जॉइंट हे त्या व्याख्येत बसविले जात नाहीत. या भागांना सर्वसाधारण यांत्रिक हमी लागू होते आणि ती त्यापेक्षा बरीच आखूड असते. दुसरी मेख अधिक गंभीर आहे. दरवाजाच्या पत्र्याला भोक पडेपर्यंत थांबणे परवडते, कारण पत्रा गंजला म्हणून कोणाचा जीव जात नाही. भार वाहणाऱ्या भागाची जाडी निम्म्यावर आली की भोक पडण्याआधीच तो तुटू शकतो. शोभेच्या भागासाठी केलेली कसोटी प्राणरक्षणाच्या भागाला लावणे तर्कसंगत नाही.

याखेरीज बहुतेक पुस्तिकांत वगळलेल्या बाबींची यादी असते. क्षार, सागरी हवा, औद्योगिक धूर, आम्लयुक्त पाऊस, रस्त्यावरील खड्यांनी उडालेला रंग आणि मालकाची हेळसांड यांतून झालेला गंज हमीत बसत नाही, अशा आशयाची ही वाक्ये असतात. समुद्रकाठच्या शहरात गाडी विकणाऱ्याने सागरी हवेतला गंज वगळावा, यातील विसंगती ग्राहकाच्या लक्षात येते ती बहुधा काउंटरवर बिल हातात पडल्यावरच.

आपल्याकडचे चित्र

महाराष्ट्रात रस्त्यांवर मीठ पसरण्याचा प्रश्न नाही. त्यामुळे अमेरिकेतील आकडे जसेच्या तसे येथे लावणे चुकीचे ठरेल. परंतु मुंबईपासून रत्नागिरी-सिंधुदुर्ग आणि गोव्यापर्यंतच्या किनारपट्टीवर हवेत क्षार आहेत, चार महिने संततधार पाऊस आहे, खड्डे आहेत आणि उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्या आहेत. मुंबईत २६ जुलै २००५ च्या महापुरात किती तरी गाड्या दिवसभर पाण्यात उभ्या होत्या. दर मोठ्या पावसात काही गाड्यांच्या वाट्याला तसेच दिवस येतात. पुरातून निघालेली गाडी धुऊनपुसून जुन्या गाड्यांच्या बाजारात येते, तेव्हा तिच्या पोकळ भागांत काय साचले आहे, हे विकत घेणाऱ्याला सांगणारे कोणी नसते.

भारतीय कारखानदारांना क्षाराचा हा धडा परदेशात मिळालेला आहे. चेन्नईच्या रॉयल एनफिल्डने जून २०२० मध्ये ब्रिटन, युरोप आणि दक्षिण कोरियात विकलेल्या सुमारे १५,२०० मोटारसायकली परत बोलावल्या. हिवाळ्यात रस्त्यावर टाकल्या जाणाऱ्या क्षारांमुळे ब्रेकच्या कॅलिपरमध्ये गंज आढळल्याने हा निर्णय घ्यावा लागला. भाग सस्पेन्शनचा नव्हता, कारण मात्र तेच होते.

देशातील मोटारी परत बोलावण्याची परंपरा अजून कोवळी आहे. मोटार उत्पादकांच्या 'सियाम' या संघटनेने जुलै २०१२ मध्ये स्वेच्छेची आचारसंहिता लागू केली. त्याच वर्षी फोर्ड इंडियाने फिगो आणि क्लासिक या मोटारींपैकी सव्वा लाखांहून अधिक गाड्या मागील ट्विस्ट बीम व पॉवर स्टिअरिंगचा होज यांच्या तपासणीसाठी परत बोलावल्या. हा दोष गंजाचा म्हणून जाहीर झालेला नव्हता. सस्पेन्शनच्या भागासाठी भारतातही गाड्या माघारी बोलवाव्या लागतात, एवढे त्यातून स्पष्ट झाले. स्वेच्छेच्या जागी कायदा यायला मात्र आणखी काही वर्षे जावी लागली. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ११०-अ हे कलम आले. पर्यावरणाला किंवा चालक, प्रवासी व रस्त्यावरील इतरांना अपाय होईल असा दोष असल्यास गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार त्याने केंद्र सरकारला मिळाला. गाडीची संपूर्ण किंमत परत करणे, बदली गाडी देणे किंवा दुरुस्ती करणे, असे मार्ग कायद्यात नमूद आहेत. या कलमाखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून अमलात आले. सक्तीने गाड्या परत बोलवाव्या लागल्यास उत्पादकाला दहा लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यांत आहे.

सात वर्षांची रेघ

या नियमांतील एक अट मात्र गंजाच्या प्रश्नाला थेट छेद देते. ते सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांनाच लागू आहेत. आता अमेरिकेतील उदाहरणे या पट्टीने मोजून पाहावीत. परत बोलावताना सीआर-व्ही गाड्या अकरा ते सोळा वर्षांच्या, एस्केप दहा ते तेरा वर्षांच्या होत्या. टाकोमाची हमी वाढविली तेव्हा सर्वांत नवी गाडी आठ वर्षांची होती. विंडस्टारच्या अगदी शेवटच्या गाड्याच तेवढ्या सात वर्षांच्या सीमारेषेवर होत्या. भारतातील नियम तेथे लागू असते, तर यांपैकी जवळपास एकाही गाडीच्या बाबतीत सक्तीचा आदेश निघू शकला नसता.

अमेरिकेचा प्रवास नेमका उलट दिशेने झाला आहे. तेथे परत बोलावलेल्या गाडीची दुरुस्ती विनामूल्य करण्याचे बंधन प्रारंभी आठ वर्षांच्या गाड्यांपर्यंत होते. सन २००० च्या कायद्याने ते दहा वर्षे झाले आणि २०१५ च्या कायद्याने पंधरा वर्षे. गाड्या अधिक काळ रस्त्यावर राहू लागल्या, तसे उत्तरदायित्वही लांबले. आपल्याकडे खासगी मोटारीची नोंदणीच पंधरा वर्षांसाठी होते. म्हणजे शासन गाडीला पंधरा वर्षे रस्त्यावर धावण्याची मुभा देते, पण तिच्यातील दोषाबद्दल उत्पादकाला सक्तीने जाब विचारण्याची मुदत निम्म्याहूनही कमी ठेवते. गंज नेमका उरलेल्या निम्म्या काळात दिसतो.

तपासणीच्या बाबतीतही हीच पोकळी आहे. ब्रिटनमध्ये मोटार तीन वर्षांची झाली की दरवर्षी तिची एमओटी चाचणी होते. सस्पेन्शन ज्या ठिकाणी सांगाड्याला जोडलेले असते, त्याभोवती तीस सेंटिमीटरच्या परिसरात सडलेला पत्रा आढळल्यास गाडी नापास होऊ शकते. जर्मनी व जपानमध्ये पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी होते. आपल्याकडे टॅक्सी, ट्रक व बस यांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खासगी मोटारीला मात्र नोंदणीच्या नूतनीकरणापर्यंत, म्हणजे पंधरा वर्षे, पीयूसीखेरीज कोणतीही सक्तीची तपासणी नाही. धुराड्यातून काय बाहेर पडते ते दरवर्षी पाहिले जाते. चाक कशाला टांगलेले आहे ते पंधरा वर्षे कोणी अधिकृतपणे पाहत नाही.

उत्पादकांची बाजू

या वादात कारखानदारांचे म्हणणेही अगदीच निराधार नाही. लोखंड कधीतरी गंजणारच, आणि गाडी कशी वापरली, कोठे उभी केली, धुतली की नाही, यावर कंपनीचे नियंत्रण नसते. प्रत्येक जुन्या गाडीच्या प्रत्येक भागाची जबाबदारी आजन्म उत्पादकावर टाकली, तर तो खर्च नव्या गाडीच्या किमतीत मिळविला जाईल आणि तो अखेर ग्राहकच भरील. हा युक्तिवाद सायलेन्सर किंवा दरवाजाच्या कडा यांच्यापुरता मान्य करता येईल. परंतु सर्वच भागांचे वृद्धत्व सारखे नसते. जो भाग झिजल्याची पूर्वसूचना देतो तो वेगळा आणि जो न सांगता तुटतो तो वेगळा. शिवाय एकाच मॉडेलच्या हजारो गाड्यांत एकच भाग एकाच जागी सडत असेल, तर त्याचे खापर हजारो मालकांच्या हेळसांडीवर फोडता येत नाही. पाणी साचेल अशा आकाराची दांडी किंवा लेप न पोहोचणारी पोकळी ही आखणीतील निवड असते आणि ती मालकाने केलेली नसते.

ग्राहकाच्या हाती काय?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याने उत्पादनाच्या दोषाबद्दलच्या उत्तरदायित्वाचे स्वतंत्र प्रकरण प्रथमच आणले. निर्मितीतील दोष, आखणीतील दोष आणि वापराविषयी अपुऱ्या सूचना अशा कारणांनी इजा किंवा हानी झाल्यास उत्पादक जबाबदार ठरू शकतो. हे उत्तरदायित्व हमीच्या पुस्तिकेवर अवलंबून नाही, हा यातील महत्त्वाचा भाग. मात्र गाडीचा गैरवापर किंवा तिच्यात केलेले फेरफार हे उत्पादकाला बचाव देऊ शकतात. तक्रार करण्याचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. विलंबाला सबळ कारण असल्यास आयोग तो माफ करू शकतो. वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी करून घेण्याचा अधिकारही आयोगाला आहे. म्हणूनच तुटलेला भाग गॅरेजमध्ये टाकून येणे ही सर्वांत महागडी चूक ठरते. तो ताब्यात घ्यावा, त्याची व गाडीच्या तळाची छायाचित्रे काढावीत आणि जॉबकार्डवर 'गंजामुळे तुटला' अशी स्पष्ट नोंद करून घ्यावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

विम्याच्या भरवशावर राहण्यात फारसा अर्थ नाही. मोटार विम्याच्या पॉलिसीत झीज, घसारा आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. आर्म तुटून गाडी दुभाजकावर आदळली तर अपघाताच्या नुकसानीचा दावा करता येतो. तुटलेल्या आर्मचा खर्च विमा कंपनी नाकारू शकते. हमी म्हणते गंज वगळला आहे, विमा म्हणतो झीज वगळली आहे. या दोन नकारांच्या मध्ये मालक उभा असतो.

दक्षता म्हणून काही गोष्टी सहज करण्याजोग्या आहेत. गाडी पाच वर्षांची झाल्यावर दरवर्षी पावसाळा संपताच ती लिफ्टवर चढवून लोअर आर्म, बॉल जॉइंट, बुश, स्प्रिंगेचा खालचा वेढा आणि उपचौकटीच्या जोडण्या पाहून घ्याव्यात. खड्ड्यातून जाताना येणारा 'खट्' असा आवाज, एका बाजूला झुकलेली गाडी, सरळ रस्त्यावर बाजूला ओढली जाणारी स्टिअरिंग आणि टायरची एकाच कडेने होणारी झीज या खुणांकडे दुर्लक्ष करू नये. तळ पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावा आणि पाणी निघण्याची भोके मोकळी ठेवावीत. अंडरबॉडी कोटिंग नव्या गाडीला उपयोगी पडते. गंज चढलेल्या भागावर तो साफ न करता मारलेला लेप ओलावा आत कोंडून ठेवतो आणि सड झाकतो. जुनी गाडी घेताना तळाला ताजा काळा लेप दिसला, तर खूश होण्याऐवजी तो कशासाठी मारला, हे विचारावे.

वैयक्तिक दक्षतेने धोका कमी होतो, धोरणातील त्रुटी भरून निघत नाही. सात वर्षांची मर्यादा सुरक्षेशी थेट संबंध असलेल्या भागांपुरती तरी नोंदणीच्या मुदतीइतकी, म्हणजे पंधरा वर्षे, करणे. खासगी मोटारीच्या तळाची ठराविक वर्षांनी तपासणी सक्तीची करणे. आणि भार वाहणाऱ्या भागांच्या गंजासाठी हमीत 'आरपार भोका'ऐवजी जाडी घटल्याची कसोटी आणणे, या तीन गोष्टींसाठी नव्या कायद्याची गरज नाही. पहिल्या दोन नियमांत बदल करून साधतील आणि तिसरी उत्पादकांना आजही स्वतःहून करता येईल. अमेरिकेत या बाबतीतली जाग लाखो गाड्या सडल्यानंतर आली. आपल्या रस्त्यांवरील गाड्यांचे सरासरी वय वाढत असताना तेवढ्या काळाची वाट पाहणे शहाणपणाचे ठरणार नाही.